पानकराची पोर

वायर आली ग्रामपंचायतीच्या खांबावरून,
चिंचेच्या फांदीला घासत, कौलाखालून आत.
दोनदा वांदरांनी तोडली. तिसऱ्यांदा लोमेशने
तिला ठिबकच्या जुन्या नळीत ओवली.
डबा बसवला खिडकीत, कुडवाशेजारी.
चार हिरवे दिवे. महिन्याचे चारशे नव्व्याण्णव
मी आशाच्या मानधनातून भरते,
मानधन आलं की.

आठवडाभर सारे खूश.
मग रोज संध्याकाळी सातला
एका छपराखाली पाच तऱ्हेचा त्रागा.
डिलेश्वरीचा वनरक्षक भरतीचा सराव पेपर
बेचाळिसाव्या प्रश्नावर गरगरत राहिला.
लोमेश खेळात मेला, आणि मेल्यावर आमच्यावर ओरडला.
भासऱ्यांचं झाडीपट्टीचं नाटक
खलनायकाच्या उघड्या तोंडावर अडकलं.
डिलेश्वरीचे बाबा म्हणाले, मी तर काहीच पाहत नाही.
आणि मी सात गरोदर बायांची नावं, वजनं, गोळ्यांचा हिशेब
घेऊन बसलेली. चिमूटभर मिठाएवढं काम.
तेही जाईना.

"वाटून टाक ना सरळ," बाबा म्हणाले.
"वीसचे पाच हिस्से. ज्याचे त्याले चार."
लोमेशने वाटले. त्याला येतं ते.
दोन दिवस भांडण नाही, आणि कोणाचंच काही धड नाही.
भासरे आठलाच झोपतात; त्यांचे चार
रात्रभर उशाशी पडून,
आणि भिंतीपलीकडे पोरगी आपल्या चारांत रखडते.

माझा बाप पानकर होता.
तलावाचं तुडुम त्याच्या हाताने उघडे, त्याच्याच हाताने बंद.
शाळेच्या वाटेवर दिसायचा, गुडघाभर चिखलात,
कुठे एक ढेकूळ ठेवत, कुठे एक काढत.
माप असं काही नव्हतंच त्याच्याकडे.
"सारखं वाटनं आन् बराबर वाटनं, दोन गोष्टी होत, बाई.
पऱ्ह्याले घोटभर पाह्यजे, पर आज पाह्यजे.
उसाले लय पाह्यजे, पर त्याले उद्या चालते.
घोटभर मांगनाऱ्याले उभं नाही ठेवाचं.
आन् जो झोपला, त्याचं पानी त्याच्या बांधीत नाही कुजवाचं."
शेवटच्या टोकाची बांधी तो आधी पाहून यायचा,
मग तुडुम.

हे लोमेशला सांगितलं, जवसाची चटणी वाढता वाढता.
हसेल वाटलं. चटणीकडे पाहत बसला.
मग म्हणाला, "मा, याचं बटन हाय त्याच्यात."
आणि अकरापर्यंत त्या डब्याच्या पोटात शिरून बसला.

तेव्हाच सापडलं,
सगळ्यात जास्त पीत होता
काहीच न पाहणाऱ्याचा मोबाइल.
खिशात असतानाच तो फोटो वर कुठेतरी पाठवत होता,
धुऱ्यांचे, रोवणीचे,
आणि मागच्या पोळ्यानंतर गेलेल्या बैलाचे,
एकट्या त्याचे दोनशे अकरा.
कोणी काही बोललं नाही. बाबा विडीची माचिस शोधायला उठले.
लोमेशने त्या फोटोंची वेळ रात्री दोनची लावली.
"जाऊ दे बैल आरामात," म्हणाला.

आता माझी सात नावं बोट उचलायच्या आत जातात.
पेपर शेवटपर्यंत उघडतो; पास होणं तिचं तिच्यापाशी.
लोमेश अजूनही मरतो, पण दोष द्यायला कोणी उरलं नाही,
म्हणून जास्तच चिडतो.

एक राहिलं.
डब्याच्या यादीत सहावा मोबाइल दिसतो,
साडेआठ ते साडेनऊ. आमच्यातला नाही.
खिडकीबाहेर, कपडे धुवायच्या दगडावर,
पलीकडच्या टोल्यातली ओमेश्वरी, बारावीची,
ओढणीत उजेड झाकून.
पासवर्ड कोणी दिला, ते डिलेश्वरीच्या मानेवरून कळतं.
"काढू का तिले?" लोमेश विचारतो.

पाळीच्या मागे एक बांधी होती.
बापाच्या हिशेबात तिचं नाव नव्हतं.
तुडुम बंद असलं तरी ती ओली असायची.
लोक विचारत, इथं पानी कुठून जी?
बाप काठी टेकून म्हणे, पाझर हाय.
पाळ म्हटली का पाझरतेच.

राहू दे, म्हटलं.
तो डबा बंद करायला लागला, तसं त्याला थांबवलं.
"लोमेश. पऱ्ह्यात धर तिले."